हप्ता सर्वांना, भर एकावर

नोकरी, घर, मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडील, स्वतःचे आरोग्य आणि जमल्यास एखादा छंद या सर्वांना सारखाच न्याय देण्याची धडपड आपल्यापैकी बहुतेकांची चालू असते. या धडपडीला आपण 'तारेवरची कसरत' म्हणतो. सर्व गोष्टींना दररोज सारखा वेळ आणि सारखे मन देता आले म्हणजे समतोल साधला, असे गृहीत या शब्दप्रयोगामागे दडलेले असते. हा समतोल सहसा साधत नाही, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात काय काय राहून गेले याची यादी तेवढी डोळ्यांपुढे उभी राहते.

परंतु खरी तारेवरची कसरत ज्यांनी लहानपणी गावच्या बाजारात पाहिली असेल, त्यांनी ते दृश्य क्षणभर आठवून पाहावे. ताणलेल्या दोरावर चालणारी ती मुलगी एका वेळी चार कामे करीत नसे. ढोलकी वाजवणारा दुसराच असे, पैसे गोळा करणारे तिसरेच कोणीतरी असे. ती फक्त चालत असे. तिच्या हातात आडवी काठी आणि नजर पलीकडच्या टोकावर असे. काठी कधी उजवीकडे झुके, कधी डावीकडे. ती सतत सारख्या पातळीवर राहत नसे. आणि मुख्य म्हणजे, पलीकडचे टोक आले की मुलगी खाली उतरत असे. आयुष्यभर दोरावर राहण्याचा तिचा बेत नसे. ज्या कसरतीला आपण समतोलाचे उदाहरण मानतो, ते वस्तुतः एकाग्रतेचे उदाहरण आहे: एका वेळी एक काम, त्याला एक ठरलेले टोक आणि शेवटी खाली उतरणे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. आयुष्याच्या एका कालखंडात एकाच गोष्टीला अग्रक्रम द्यावा, उरलेल्या गोष्टी तुटणार नाहीत एवढी तरतूद करावी आणि तो कालखंड संपला की अग्रक्रम बदलावा, असा विचार येथे मांडावयाचा आहे.

समतोलाची योग्य जागा

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. समतोल ही कल्पनाच टाकाऊ आहे असे कोणीही म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुधारक रॉबर्ट ओवेन यांनी दिवसाचे तीन समान भाग सुचविले होते: आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि अथक प्रयत्नांनंतर 1890 साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. माणसाच्या शरीराला विश्रांती हवी, हा हक्काचा समतोल आहे आणि त्याच्याशी तडजोड असू नये.

मात्र 'दिवसाकाठी किती तास राबावे' हा एक प्रश्न झाला आणि 'या वर्षी माझी उरलेली शक्ती कशासाठी खर्च करावी' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण नकळत दुसऱ्याला लावतो, तेथेच गफलत होते. मूलभूत गरजा भागल्यानंतर जी थोडी शक्ती आणि जो थोडा वेळ शिल्लक राहतो, त्याचे सहा समान भाग केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे येते की त्यातून काहीच पूर्णत्वास जात नाही. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच अनुभवातून घडविली असावी.

आधी एक हिशेब

बँकेच्या ग्राहकांना ही गोष्ट कर्जाच्या हिशेबातून अधिक लवकर पटेल. समजा, एका कुटुंबावर तीन कर्जे आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी 60,000 रुपये असून तिच्यावर दरमहा 3 टक्के, म्हणजे वर्षाला 36 टक्के व्याज लागते. वैयक्तिक कर्जावर वार्षिक 14 टक्के आणि गृहकर्जावर वार्षिक साडेआठ टक्के दर आहे. कार्डाचे दरमहा 3,000 रुपये आणि इतर दोन्ही कर्जांचे ठरलेले हप्ते भरून त्या कुटुंबापाशी दरमहा 9,000 रुपये शिल्लक राहतात. ही शिल्लक कशी वापरावी?

'समतोल' राखणारा गृहस्थ तिन्ही कर्जांमध्ये प्रत्येकी 3,000 रुपये जादा भरील. त्याचे कार्डावर दरमहा 6,000 रुपये जातील. नवीन खरेदी पूर्णपणे थांबविली तरी थकबाकी फिटण्यास वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल आणि व्याजापोटी सुमारे 12,400 रुपये जातील. दुसरा गृहस्थ सर्व 9,000 रुपये कार्डावरच भरील, म्हणजे दरमहा 12,000 रुपये. त्याची थकबाकी सहाव्या महिन्यात संपेल आणि व्याज सुमारे 6,000 रुपये होईल. पहिल्या गृहस्थाचे इतर दोन कर्जांवरील काही व्याज वाचेल हे खरे. वर्षभरात ती बचत 3,700 रुपयांच्या आसपास भरते. परंतु दुसऱ्याची कार्डावरची बचतच 6,400 रुपयांची आहे. शिवाय सहाव्या महिन्यापासून त्याचा हात मोकळा होतो आणि कार्डावर जाणारी सर्व रक्कम तो वैयक्तिक कर्जाकडे वळवू शकतो. (करांचा विचार येथे केलेला नाही, कर्ज मुदतीपूर्वी फेडताना काही शुल्क लागते का, हेही प्रत्यक्षात तपासून घ्यावे.)

या हिशेबातील दोन गोष्टींकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पहिली, दुसऱ्या गृहस्थाने अन्य कर्जांचे हप्ते थकविले नाहीत. ते हप्ते वेळेवर गेले; केवळ *जादा* रक्कम एका ठिकाणी गेली. दुसरी, त्याने निवडलेले कर्ज सर्वांत मोठे नव्हते. ते विलंबाने सर्वांत अधिक महाग होणारे कर्ज होते. आयुष्यातील अग्रक्रमांनाही हेच दोन नियम लागू पडतात.

मनाचा फिरता खर्च

पैशाचे सहा भाग केले तरी प्रत्येक रुपया रुपयाच राहतो. लक्षाचे तसे नाही. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारताना मनाला काही किंमत मोजावी लागते. रुबिन्स्टाइन, मायर आणि इव्हान्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कामांची अदलाबदल करणाऱ्यांचा वेळ प्रत्येक बदलागणिक वाया जातो आणि काम जितके गुंतागुंतीचे तितका तो अधिक वाया जातो, असे आढळले. सोफी लरॉय यांनी 2009 साली आणखी एक बाब पुढे आणली. पहिले काम मनासारखे पुरे न होता आपण दुसऱ्याकडे वळलो, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात निकृष्ट होते.

हे प्रयोग काही मिनिटांच्या कामांवरचे आहेत, वर्षांच्या निर्णयांवरचे नव्हेत, हे मान्य करावयास हवे. तथापि ज्याच्या मनात रात्री जेवताना कचेरीतील प्रस्ताव असतो आणि कचेरीत घरच्या आजारपणाची चिंता असते, त्याला हा रेंगाळणारा भाग म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हंगामाचे शहाणपण

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. शेतकऱ्याचे वर्षच मुळी हंगामांवर चालते. लग्नकार्ये उन्हाळ्यात उरकून घेतली जातात आणि मृगाचा पाऊस पडला की घरातील सर्व हात पेरणीला लागतात. त्या दिवसांत कोणी घराची डागडुजी काढत नाही. घराची डागडुजी कमी महत्त्वाची आहे म्हणून नव्हे. ती दिवाळीनंतरही होऊ शकते, पेरणीचा वाफसा मात्र थांबत नाही म्हणून. आश्रमव्यवस्थेमागेही, तिच्या सामाजिक मर्यादा बाजूला ठेवल्यास, हेच सूत्र दिसते: विद्यार्जन, संसार आणि निवृत्ती यांना आयुष्यात एकामागून एक जागा आहे, एकाच दिवसात एकाशेजारी एक नव्हे.

बँक कर्मचाऱ्यांच्या घरांना तर हे पंचांग पाठच असते. मार्चअखेर आली की रजा नाही, पाहुणे नाहीत, सहल नाही. घरच्यांची त्याबद्दल फारशी तक्रार नसते, कारण 31 मार्च ही तारीख त्यांनाही ठाऊक असते. 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी जाहीर झाली, तेव्हा 30 डिसेंबरपर्यंतचे आठवडे देशभरातील शाखांनी जवळजवळ एकाच कामासाठी वाहून घेतले. कर्ज वसुली, नवीन खाती, प्रशिक्षण, सारे मागे पडले आणि नंतर पुन्हा पुढे आले. जी संस्था गरजेच्या वेळी एका कामावर सर्व बळ केंद्रित करू शकते, तिच्यात काम करणारी माणसे स्वतःच्या आयुष्यात मात्र बारा महिने सहा आघाड्यांवर लढत राहतात, हे थोडे विचित्र नाही काय?

एका वर्षाची गोष्ट

येथे स्वतःचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. 2011 साली मी बडोद्याच्या एका शाखेत अधिकारी होतो. मुलगी दहावीला होती. वरच्या श्रेणीसाठीची निवडप्रक्रिया त्याच वर्षी व्हावयाची होती आणि मी तिच्यासाठी पात्र होतो. अशातच जुलै महिन्यात आमच्याकडेच राहणाऱ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही जड झाली.

मी वेळापत्रक आखले. सकाळी तासभर आईचा व्यायाम, दिवसभर शाखा, संध्याकाळी मुलीचे गणित, रात्री दहा ते बारा माझा अभ्यास. कागदावर ते वेळापत्रक इतके नीटनेटके दिसत होते की मी ते कपाटाच्या दाराला चिकटवले. दोन महिन्यांत त्याचा निकाल लागला. आईचा हात हलवताना माझी नजर घड्याळाकडे असे. एका कर्जप्रस्तावात मी तारणाची रक्कम चुकीची लिहिली. वरिष्ठांच्या नजरेस ती वेळीच आली म्हणून निभावले. आणि एके संध्याकाळी मुलगी वही मिटून म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे बसता, पण इथे नसता."

त्या रात्री पत्नीने विषय काढला. "अहो, फिजिओथेरपिस्ट काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? पहिले सहा महिने सगळ्यांत मोलाचे. त्यातले दोन गेले. तुमची परीक्षा पुन्हा येईल. हे महिने पुन्हा येणार नाहीत."

तिच्या या तीन-चार वाक्यांत या लेखाचा सगळा आशय आलेला आहे. अर्धांगवायूनंतर शरीराची हरवलेली हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढे सुधारणा होते, पण सावकाश. आम्ही ठरवले, पुढचे वर्ष आईचे. निवडप्रक्रियेतून मी माघार घेतली. सकाळी आणि संध्याकाळी व्यायामाच्या वेळी फोन बंद राहू लागला. मुलीच्या गणितासाठी शिकवणी लावली. मी तिच्याकरिता एवढेच राखून ठेवले की रात्रीचे जेवण आम्ही एकत्र घ्यावयाचे आणि त्या अर्ध्या तासात तिने बोलावे, मी ऐकावे. शाखेतील काम नेमके तेवढेच, पण बिनचूक करावयाचे असे ठरवले.

पुढच्या गुढीपाडव्याला आई काठी टेकत अंगणातल्या तुळशीपर्यंत स्वतः चालत गेली. त्यानंतर ती सहा वर्षे जगली आणि त्यांतील बहुतेक काळ स्वतःची कामे स्वतः करीत जगली.

या निर्णयाची किंमतही सांगितली पाहिजे. ती लपविली तर हा लेख केवळ उपदेश ठरेल. माझ्या बरोबरीचे सहकारी त्या वर्षी पुढे गेले. मला ती श्रेणी तीन वर्षांनी मिळाली आणि त्यांच्यापैकी काहीजण ज्या पदावरून निवृत्त झाले, त्याच्या एक पायरी खालून मी निवृत्त झालो. निरोप समारंभाच्या दिवशी ही गोष्ट मनाला लागली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण सर्व काही थोडे थोडे मिळवण्याच्या नादात मी तीनही गोष्टी अर्धवट केल्या असत्या, याबद्दलही मला शंका नाही. एक निवडणे म्हणजे दुसरे काही गमावणे. समतोलाची भाषा आपल्याला आकर्षक वाटते, ती बहुधा या गमावण्याकडे पाहावे लागत नाही म्हणूनच.

अग्रक्रम कसा ओळखावा?

निवड करताना तीन प्रश्न स्वतःस विचारावेत.

पहिला प्रश्न: यांपैकी कोणती गोष्ट थांबू शकत नाही? बाळाचे पहिले वर्ष, आजारी व्यक्तीचे उपचार, दहावी-बारावीचे वर्ष, शरीराने दिलेला एखादा इशारा या गोष्टींना स्वतःची मुदत असते. नवीन वाहन, मोठे घर आणि पुष्कळ वेळा पदोन्नतीदेखील वर्षभर थांबू शकते. 'सर्वांत महत्त्वाचे काय?' असे विचारले तर सारेच महत्त्वाचे वाटते. 'उशीर केल्यास सर्वांत महाग काय पडेल?' असे विचारले तर उत्तर लवकर सापडते.

दुसरा प्रश्न: कोणती गोष्ट माझ्यावाचून होऊ शकत नाही? गणित शिकवणारा शिक्षक मिळू शकतो. व्यायाम करवून घेणारी व्यक्तीही मिळते. पण आजारी आईला धीर देणारा मुलगा मोबदला देऊन मिळत नाही. जे काम दुसऱ्यावर सोपविता येते, ते तूर्त अग्रक्रमाचे नव्हे.

तिसरा प्रश्न: कोणती गोष्ट सुटली की इतर गोष्टी सोप्या होतील? उदाहरणादाखल, ज्याची झोप आणि रक्तदाब दोन्ही बिघडले आहेत, त्याने सहा महिने प्रकृतीला दिले तर पुढची दहा वर्षे नोकरी आणि संसार दोन्ही सावरतात. मघाच्या हिशेबात कार्डाची थकबाकी फिटताच पुढच्या कर्जासाठी हात मोकळा झाला, तसेच हे आहे.

किमान हप्ता म्हणजे काय?

एका गोष्टीला अग्रक्रम याचा अर्थ इतर गोष्टींना सोडचिठ्ठी असा नव्हे. येथे विमा पॉलिसीचा दाखला उपयोगी पडेल. वार्षिक हप्ता चुकल्यास 30 दिवसांची आणि मासिक हप्ता चुकल्यास 15 दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर पॉलिसी बंद पडते आणि तिचे पुनरुज्जीवन करावयाचे तर मागील हप्ते व्याजासह भरावे लागतात, प्रसंगी वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. नातेसंबंध आणि आरोग्य यांचेही असेच आहे. थोडा उशीर चालतो, प्रदीर्घ खंड चालत नाही. शिवाय प्रत्येक नात्याला पुनरुज्जीवनाची सोय असतेच असे नाही.

म्हणून अग्रक्रम ठरविताना दुसरी एक लहान यादी करावी: या काळात कोणत्या गोष्टी कोणत्याही परिस्थितीत चुकवावयाच्या नाहीत? पुरेशी झोप, दिवसातून अर्धा तास चालणे, कुटुंबाबरोबर एक जेवण, गावी असलेल्या वडिलांना आठवड्यातून एक निवांत फोन, विमा आणि कर्जाचे हप्ते, आपत्कालीन निधी. ही यादी जितकी लहान तितकी ती पाळली जाण्याची शक्यता अधिक. किमान हप्ता ठरलेला असला म्हणजे उरलेल्या वेळी दुर्लक्षाची टोचणी लागत नाही.

मुदत आणि नूतनीकरण

मुदत ठेवीच्या पावतीवर मुदतपूर्तीची तारीख असते. ग्राहकाने वेळीच काही सूचना दिली नाही तर पुष्कळ ठेवींचे आपोआप नूतनीकरण होते आणि त्या वेळचा दर आपणास परवडतो का, हे कोणी विचारीत नाही. अग्रक्रमांचेही असेच आपोआप नूतनीकरण होत असते. 'दोन वर्षे कामाला वाहून घेईन, मग घराकडे पाहीन' असे म्हणणाऱ्याची दोन वर्षे संपतात, पुढची दोन सुरू होतात, आणि कधीतरी ध्यानात येते की मुलांच्या वाढत्या वयाला नूतनीकरणाची सोय नव्हती.

म्हणूनच तारखेवाचून ठरविलेला अग्रक्रम हा अग्रक्रम नसून सवय होय. तीन महिने, सहा महिने, फार तर एक वर्ष अशी मुदत लिहून ठेवावी. ती संपली की घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी पाहाव्यात: ठरविलेले झाले का, कोणता किमान हप्ता थकला, आणि आता पाळी कोणाची? मार्चअखेर सुसह्य होते ती एप्रिल येतो म्हणून. बाराही महिने मार्च असेल तर कोणतेही घर आणि कोणतीही शाखा टिकणार नाही.

किंमत कोण मोजते?

आपल्या महाराष्ट्रात एकामागून एक कार्य हाती घेऊन ते तडीस नेणाऱ्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्या प्रश्नाला वाहून घेतले. विधवांना शिक्षण व आश्रय मिळणे अधिक निकडीचे आहे हे उमगल्यावर 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले. 1936 साली ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ आणि 1944 साली, वयाच्या 86 व्या वर्षी, समता संघ स्थापन झाला. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. हे सर्व त्यांनी 1893 सालीच एकदम हाती घेतले असते तर यांतील किती पूर्ण झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु या चरित्राची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात वाचावयास मिळते. अण्णा आश्रमासाठी झटत असताना प्रपंचाचा मोठा भार बायांनी वाहिला आणि आश्रमासाठी वर्गण्याही गोळा केल्या. एकाचा अग्रक्रम हा बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर उभा असतो, आणि तो खांदा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीचाच राहिला आहे. तिला स्वतःचा अग्रक्रम निवडण्याची पाळीच येत नाही. सर्वांचे किमान हप्ते तीच भरीत असते.

यावर काही तोडगे कायद्याने व नियमांनी काढले आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 सालापासून संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा घेता येते. 2018 सालापासून एकट्याने मूल वाढविणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू झाली. 2017 सालच्या दुरुस्तीने प्रसूती रजेचा कालावधी 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाला. आयुष्यात काही काळ एका गोष्टीचा असतो, हे अशा तरतुदींनी मान्य केले आहे. मात्र घरातील न्याय घरातच करावा लागतो. ज्या वर्षी माझ्या आईला अग्रक्रम दिला, त्या वर्षी माझ्या पत्नीने आपले बी.एड.चे शिक्षण पुढे ढकलले होते, ही गोष्ट मी बराच काळ हिशेबात धरली नव्हती. तिच्या ध्यानात मात्र ती होती. पुढे ते पूर्ण करण्याचे वर्ष आले तेव्हा सकाळचा स्वयंपाक आणि डबे माझ्याकडे आले. पहिला महिनाभर पोळ्यांचे आकार पाहून घरात बरेच मनोरंजन झाले; परंतु ते वर्ष तिचे होते आणि तिचेच राहिले.

समारोप

या मासिकाच्या वाचकांत नुकतीच नोकरी लागलेले तरुण आहेत, संसाराच्या ऐन मध्यावर असलेले गृहस्थ आहेत आणि निवृत्तिवेतन घेणारे ज्येष्ठही आहेत. प्रत्येकाचा आजचा अग्रक्रम निराळा असणार. तरुणाचा तो कौशल्य मिळविण्याचा असेल, मधल्या पिढीचा आईवडिलांचा किंवा मुलांचा असेल, ज्येष्ठांचा प्रकृतीचा किंवा राहून गेलेल्या एखाद्या कामाचा असेल. कोणता निवडावा हे बाहेरच्या कोणी सांगू नये.

एवढेच सुचवावेसे वाटते की आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी एक कोरा कागद घ्यावा. वर एकच गोष्ट लिहावी, तिच्यापुढे मुदतीची तारीख लिहावी आणि खाली न चुकविण्याच्या चार-पाच हप्त्यांची यादी करावी. शेवटी, पुढची पाळी घरातील कोणाची, तेही लिहून ठेवावे. माझे ते जुने, नीटनेटके वेळापत्रक मी कधीच फाडून टाकले. हा कागद मात्र गेली कित्येक वर्षे आमच्या कपाटाच्या दाराला चिकटलेला आहे. त्यावरचे नाव तेवढे दरवर्षी बदलते.